ही तारीख खरी आहे का?

टास्क मॅनेजर ॲप पहिल्यांदा उघडलं तेव्हा समोर कोरा पडदा आणि खाली कोपऱ्यात अधिकचं चिन्ह, एवढंच होतं. ते दाबलं आणि एकामागून एक रकाने आले: प्रोजेक्ट, सेक्शन, लेबल, प्रायॉरिटी, ड्यू डेट, रिमाइंडर, सबटास्क. गच्चीवरची पाण्याची टाकी धुवून घ्यायची आहे, एवढंच मला टिपून ठेवायचं होतं. आता टाकी धुणं हा प्रोजेक्ट की टास्क? प्रायॉरिटी एक की तीन? ड्यू डेट म्हणजे टाकी धुण्याचा दिवस, की टाकी धुणाऱ्यांना फोन करायचा दिवस? यूट्यूबवर शोधलं. तिथली माणसं भराभर बोलत होती आणि त्यांची कामं क्लायंट, स्प्रिंट, कंटेंट अशी होती. जिच्या यादीत लिफ्ट, पंप, वॉचमनचा पगार आणि सासूबाईंच्या गोळ्या आहेत तिनं हे कसं वापरायचं, ते काही मला तिथे सापडलं नाही. म्हणून मला जे हळूहळू उमगत गेलं ते लिहून ठेवते आहे.

डोंबिवलीत आमची सात मजली सोसायटी आहे आणि मी तिची सेक्रेटरी झाले आहे. नोकरी चालू आहे, घरात ऐंशी ओलांडलेल्या सासूबाई आहेत, लेक बंगळुरूला. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सेक्रेटरीला पगार नसतो, पण कायदा लागू असतो. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपलं की सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावीच लागते. तिची नोटीस पूर्ण 14 दिवस आधी सभासदांच्या हातात पडावी लागते. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, ज्याला सगळे ‘फॉर्म बी’ म्हणतात, जानेवारीत एकदा आणि जुलैत एकदा द्यायचं असतं. इमारत 15 ते 30 वर्षांची असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे 5 वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट, 30 च्या पुढे गेली की 3 वर्षांतून एकदा. शिवाय लिफ्टचं एएमसी, इमारतीचा विमा, ऑडिटरला द्यायचे कागद. आणि या सगळ्याच्या मधून रोजची गळती, पार्किंगचा वाद, जिन्यातला गेलेला दिवा.

आमच्या घरात कामं टिपायची जागा म्हणजे कालनिर्णय. 1973 पासून निघणाऱ्या त्या दिनदर्शिकेच्या चौकोनांत दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, कामवाल्या मावशींची सुट्टी हे सगळं वर्षानुवर्षं लिहिलं गेलं आहे आणि ते उत्तम चालतं. मला त्यात काही बदलायचं नव्हतं. पण एका चौकोनात पूर्ण इमारत मावत नाही, आणि भिंतीवरचं कॅलेंडर ऑफिसात दिसत नाही. मग सगळा भार व्हॉट्सॲपवर आला. स्वतःलाच मेसेज पाठवायची सोय त्यांनी 2022 च्या अखेरीस दिली. सुचलेलं पटकन टाकायला तिच्याइतकी सोपी जागा नाही, हे मी आजही म्हणेन. अडचण टाकल्यानंतरची. झालेलं आणि न झालेलं तिथे सारखंच दिसतं. सोसायटीच्या ग्रुपवर तर सकाळी तिसऱ्या मजल्यावरून आलेला गळतीचा फोटो दुपारपर्यंत वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गडप होतो, आणि ज्यांच्या घरात पाणी ठिबकतंय त्यांना वाटतं की सेक्रेटरीनं दुर्लक्ष केलं. त्यांचं वाटणं रास्तच आहे.

लेक म्हणाली, “आई, अगं एखादं ॲप घे ना.” कुठलं, तर तिनं चार नावं सांगितली. समितीतला 402 मधला मुलगा आयटीत आहे, त्यानं आणखी दोन सांगितली. प्रत्येकाचं आपलं वेगळं. गूगल टास्क्स जीमेलच्या शेजारीच असतं, त्यात शिकण्यासारखं जवळजवळ काही नाही आणि तोच त्याचा गुण आहे. नोशनमध्ये काय वाटेल ते बांधता येतं, पण आधी बांधावं लागतं. मला बांधकाम नको होतं. मायक्रोसॉफ्ट टू डूमधली ‘माय डे’ ही कल्पना मला मनापासून आवडली: रोज मध्यरात्री आजचं पान कोरं होतं, राहिलेली कामं आपापल्या यादीत तशीच असतात, आणि सकाळी त्यातली आजची कुठली हे आपण नव्यानं ठरवायचं. टूडूइस्ट हे आमिर सालिहेफेंदिच या तरुणानं 2007 साली डेन्मार्कमध्ये शिकत असताना स्वतःच्याच कामांचा मेळ घालायला लिहिलेलं ॲप, आणि एका माणसाच्या डोक्याला पुरेल असा त्याचा आवाका अजून राहिला आहे. ट्रेलोची गोष्ट निराळी, तिच्याकडे नंतर येते.

ही सगळी ॲप्स पाहताना माझा गोंधळ वाढतच गेला, कारण प्रत्येकाची चांगली बाजू खरीच होती. तुलना करणारे व्हिडिओ सांगतात की अमक्यात कॅलेंडर आहे, तमक्यात रंग आहेत. पण रंग मला हवेत की नकोत हे मला कुठे ठाऊक होतं? शेवटी एका रविवारी 402 मधला मुलगा घरी आला होता. मी एका ॲपमध्ये भरलेली यादी त्याला दाखवली. प्रत्येक कामाला ॲपनं तारीख मागितली होती, मी दिली होती, आणि उलटून गेलेल्या तारखा लाल झाल्या होत्या. सभेची नोटीस लाल, माळा आवरणं लाल, मीटर रूममधली जळमटं लाल. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “काकू, यातल्या कुठल्या तारखेला काम नाही झालं तर खरंच काहीतरी बिघडेल?”

आम्ही दोघं यादीवरून खाली उतरत गेलो. सभेची नोटीस: बिघडेल, सभाच बेकायदा ठरू शकेल. फॉर्म बी: बिघडेल. इमारतीचा विमा, एलआयसीचा हप्ता, स्कूटरची पीयूसी: बिघडेल. सासूबाईंचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात गेला नाही तर पेन्शन अडकेल. माळा? काहीही नाही. जळमटं? नाही. बागेतल्या कुंड्यांना रंग, सभासदांच्या फायलींना नवीन पुठ्ठे, जुन्या पावतीपुस्तकांची विल्हेवाट, यांतल्या एकालाही तारीख नव्हती. ही सगळी कामं करायची खरी, पण त्यांच्यावरची तारीख खरी नव्हती. तिथल्या तिथे आम्ही त्या तारखा काढून टाकल्या. लाल रंग चार-पाच ओळींवर आला आणि त्या चार-पाच ओळी पहिल्यांदा नीट वाचता आल्या.

या एका प्रश्नानं मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्याही व्हिडिओनं शिकवलं नाही. ॲपला खरीखोटी तारीख ओळखता येत नाही. त्याला सगळ्या सारख्या. आपण खोट्या तारखा घालत गेलो की ते रोज सकाळी खोटी हाक देतं, आणि मग खरी हाकही ऐकू येईनाशी होते. आता नवीन काम लिहिताना तारखेच्या रकान्याशी मी थांबते. तारीख कायद्यानं, बँकेनं किंवा दुसऱ्या माणसानं ठरवलेली असेल तर ती घालायची. माझ्या उत्साहानं ठरवलेली असेल तर रकाना रिकामा ठेवायचा आणि ते काम ‘सवडीनं’ नावाच्या यादीत जातं. ती यादी मी रविवारी चहा घेताना वाचते. त्यातलं एखादं काम त्या आठवड्यात होतं, बाकीची कुठे पळून जात नाहीत.

तारखेचं दुसरं कोडं पुन्हा पुन्हा येणाऱ्या कामांचं होतं आणि ते सोडवायला मला बराच वेळ लागला. फॉर्म बी आणि टाकी, दोन्ही फिरून येणारी कामं. पण त्यांचं फिरणं वेगवेगळं आहे. फॉर्म बी मी जानेवारीच्या 3 ला दिला काय आणि 30 ला दिला काय, पुढचा जुलैतच. टाकीचं तसं नाही. ती आम्ही दर तीन महिन्यांनी धुतो. धुणारे पंधरा दिवस उशिरा आले तर पुढची पाळीही पंधरा दिवस पुढे जायला हवी, नाहीतर नुकती धुतलेली टाकी पुन्हा उपसून पाणी वाया जाईल. पहिलं काम कॅलेंडरला बांधलेलं, दुसरं मागच्या खेपेला. टूडूइस्टमध्ये हा फरक सांगता येतो: इंग्रजीत ‘एव्हरी’ लिहिलं की ठरलेल्या तारखेपासून मोजणी होते, आणि त्याच शब्दाला उद्गारचिन्ह जोडलं की काम पूर्ण झाल्याच्या दिवसापासून. एवढंसं चिन्ह, पण टाकी, घरचं आरओ फिल्टर, पंपाचं ऑइल, इनव्हर्टरच्या बॅटरीतलं पाणी ही माझी अर्धी देखभाल त्याच्यावर चालते. तुम्ही कुठलंही ॲप बघत असाल तर रंग आणि आयकॉन बघण्याआधी ही सोय आहे का ते बघा, असं मी ठासून सांगेन. ऑफिसातल्या कामांना तिची गरज कमी पडत असेल. घर आणि इमारत सांभाळणाऱ्याला ती पदोपदी लागते.

तारीख झाली, पण कामाची ओळ कशी लिहायची हाही प्रश्नच होता. माझ्या यादीत ‘गळती 301’ असं लिहिलेलं होतं आणि ते आठवडेच्या आठवडे तसंच बसून होतं. अमेरिकेतले डेव्हिड अॅलन यांचं ‘गेटिंग थिंग्ज डन’ हे 2001 सालचं पुस्तक या क्षेत्रातले सगळेच मानतात. त्यातलं एक सांगणं मला फार कामाचं वाटलं: पुढची हातानं किंवा तोंडानं करायची कृती कोणती, ते लिहा. गळती ही कृती नाही, ती तक्रार आहे. ‘401 मधल्या बाथरूमच्या फरशा बघायला प्लंबरला शनिवारी बोलावणे, 401 च्या वहिनींना आधी विचारणे’ ही कृती. ओळ लांब झाली, पण डोंबिवलीहून निघालेल्या फास्ट लोकलमध्ये उभ्या उभ्या ती वाचली की फोन कुणाला करायचा ते लगेच कळतं. त्यांचाच दुसरा नियम असा, की जे काम दोन मिनिटांत होण्यासारखं आहे ते लिहूच नका, करून टाका. वॉचमनला रजिस्टरबद्दल सांगायचं असेल तर लिहिण्यापेक्षा खाली जाऊन सांगणं खरोखरच लवकर होतं.

रात्रीची गोष्टही सांगायला हवी. सेक्रेटरी झाल्यापासून मला पहाटे जाग यायची आणि विम्याच्या नूतनीकरणापासून पंपाच्या आवाजापर्यंत सगळं डोळ्यांपुढे यायचं. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1927 साली असं मांडलं होतं की पुऱ्या झालेल्या कामापेक्षा अर्धवट राहिलेलं काम मनात जास्त घर करून राहतं. पुढे 2011 मध्ये मासिकांपो आणि बाउमाइस्टर या दोघांच्या प्रयोगांत आढळलं, की काम पूर्ण व्हायची गरज नाही. ते कधी आणि कसं करायचं याचा नेमका बेत ठरला, तरी मनातली ती टोचणी कमी होते. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. विमा रात्री तीन वाजता भरता येणार नसतो. पण ‘सोमवारी दुपारी एजंटकडून तीन कंपन्यांचे दर मागवणे’ असं संध्याकाळीच लिहिलं असेल, तर त्याच्यासाठी पहाटे जागं राहायचं कारण उरत नाही. माझी झोप पूर्ण सुधारली असं म्हणणार नाही, पण सोसायटीमुळे मोडते ती झोप आता कमी मोडते.

फोननंही अडचणी घातल्या. ठरल्या वेळेला वाजायचं रिमाइंडर कधी तासाभरानं, कधी फोन उघडल्यावर यायचं. मला वाटलं ॲप वाईट. 402 मधल्या मुलानं दाखवलं की बॅटरी वाचवण्यासाठी अँड्रॉइड मागे चालणारी ॲप्स झोपवतं, काही कंपन्यांचे फोन तर फारच कडकपणे. सेटिंगमध्ये त्या ॲपची बॅटरी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करायची, आणि ‘अलार्म्स अँड रिमाइंडर्स’ची परवानगी द्यायची. एवढं केल्यावर हाक वेळेवर येऊ लागली. नवं ॲप घेतलं की हे आधी करावं, मगच त्याच्यावर भरवसा ठेवावा. भाषेचं मात्र अजून जमलेलं नाही. जीबोर्डवर मराठीत बोलून लिहिता येतं, 2017 पासून ही सोय आहे आणि ती चांगली आहे. ‘उद्या सकाळी दहा वाजता लिफ्टवाल्यांना फोन’ हे बोललेलं जसंच्या तसं उमटतं. पण इंग्रजी वाक्यातली तारीख आपसूक उचलणारं ॲप मराठी ‘उद्या’ समोर आलं की गप्प बसतं, तारीख हातानं निवडावी लागते. मराठी माणसं आपली कामं मराठीत लिहितात. ॲप बनवणाऱ्यांनी ‘परवा’, ‘येत्या गुरुवारी’, ‘दर एकादशीला’ हे ओळखायला शिकवावं, अशी माझी कळकळीची मागणी आहे. एकादशी तर केवढ्या घरांत लागेल!

सासूबाईंच्या गोळ्या मी ॲपमध्ये घातल्या होत्या. सकाळी पावणेनऊला फोन वाजायचा तेव्हा मी लोकलमध्ये असायची आणि गोळ्या घरी. आईंना फोन करून सांगावं तर त्या म्हणायच्या, “घेतली गं, का घेतली नाही, आठवत नाही.” त्यावर सात वारांच्या कप्प्यांची डबी हा उपाय ठरला. रविवारी भरायची, जेवणाच्या टेबलावर ठेवायची. कप्पा रिकामा असेल तर घेतली. काम जिथे होतं तिथेच त्याची खूण दिसायला हवी, मग ती फोनमध्ये असायचं काहीच कारण नाही. ॲपमध्ये आईंचं एकच काम ठेवलं आहे, हयातीचा दाखला, 1 नोव्हेंबरला. तो आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो.

आणि ट्रेलो. इतर ॲप्समध्ये मी माझी कामं बघते. तक्रारींचं तसं नाही, त्या सगळ्यांच्या आहेत आणि त्यांचं काय झालं हे सगळ्यांना बघायचं असतं. ट्रेलो 2011 साली आलं, पण त्याची मांडणी जुनी, टोयोटाच्या कारखान्यात ताइची ओनो यांनी रुजवलेल्या कानबान पद्धतीची. उभे रकाने, त्यांत कार्डं, काम पुढे सरकलं की कार्ड उजवीकडच्या रकान्यात. आमचे रकाने: ‘आली’, ‘पाहणी झाली’, ‘काम चालू’, ‘झालं’. गळतीचा फोटो कार्डाला चिकटवायचा, प्लंबरनं सांगितलेला खर्च त्याच्याखाली लिहायचा. कानबानचा एक नियम आम्ही घट्ट पाळतो: ‘काम चालू’ या रकान्यात तीनपेक्षा जास्त कार्डं नाहीत, कारण आमचा प्लंबर एक आहे. चौथं कार्ड आत घ्यायचं तर आधी एक पुरं करायचं. या नियमानं समितीच्या बैठकीतली बोलणी बदलली. ‘माझं कधी?’ याऐवजी ‘आधी कुठलं?’ यावर बोलणं होतं, आणि ज्याच्या छतातून पाणी येतंय त्याचं आधी, हे सगळ्यांना पटतं. ज्येष्ठ सभासद ॲप उघडत नाहीत, म्हणून दर रविवारी बोर्डाचा छापील कागद लिफ्टशेजारच्या सूचना फलकावर लावते. तो उभं राहून वाचणारे पुष्कळ आहेत.

तेव्हा माझ्याकडे आता दोन ॲप्स आहेत, एक तारखांसाठी आणि एक तक्रारींसाठी. एकच का नाही, असं लेक विचारते. दोन प्रकारची कामं आहेत म्हणून. टूडूइस्टच्या फुकट खात्यात मी हे लिहिते आहे तेव्हा 5 प्रोजेक्ट मिळतात आणि मला ते पुरतात: सोसायटी, घर, आई, ऑफिस, सवडीनं. लेबलं आणि प्रायॉरिटी मी वापरत नाही. ते रकाने रिकामे राहिले म्हणून काही बिघडत नाही, हे कळायलाही वेळ लागला, आणि नवख्या माणसाला हे कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

एक काळजी उरते. ही ॲप्स कंपन्यांची आहेत आणि कंपन्या निर्णय घेतात. वंडरलिस्ट हे बर्लिनचं लोकप्रिय ॲप मायक्रोसॉफ्टनं 2015 मध्ये विकत घेतलं आणि 6 मे 2020 ला बंद केलं. लोकांना आपल्या याद्या मायक्रोसॉफ्ट टू डूमध्ये हलवाव्या लागल्या. म्हणून सोसायटीची यादी मी दर तिमाहीला फाइल करून उतरवून घेते आणि कपाटातल्या फायलीत तिची प्रतही लावते. खातंही माझ्या नावाचं नाही, सोसायटीच्या ईमेलवर उघडलेलं आहे. माझी मुदत संपेल तेव्हा फक्त पासवर्ड बदलायचा.

तुमच्या सोसायटीत या वर्षी समिती बदलणार असेल तर ॲप कुठलं घ्यायचं याची चर्चा नंतर करा. आधी जुन्या सेक्रेटरींबरोबर तासभर बसा आणि इमारतीच्या वर्षभरातल्या खऱ्या तारखा त्यांच्याकडून लिहून घ्या. शक्यतो ते पद सोडण्याआधी.